विलंबाची कारणे

२७ ऑक्टोबर, रविवार

सहल-पुस्तिका आज पूर्ण झाली. सोळा पाने, दोन नकाशे, एक वेळापत्रक. शाळेच्या सहलीला मास्तर मुलांना वाटतात तशा पुस्तिका हल्ली घरोघरी करतात, पण त्यांत डबा, रुमाल आणि "चला मजा करू या" यापलीकडे काही नसते. माझ्या पुस्तिकेत मिनिटांचा हिशेब आहे. माझा बोल्टचा कारखाना असो वा नारा शहर, मोजले नाही तर ते पाहिले असे मी मानत नाही.

१७ नोव्हेंबरला आम्ही चौघे जाणार. मी, पत्नी सुमिए, मुलगी नागिसा (वय चोवीस, मतांची संख्या त्याहून जास्त) आणि आई. आईचे एक्याऐंशी. ३ डिसेंबरला तिच्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, त्याआधी एक दिवस फिरून यायला हरकत नाही, फक्त चढ नको आणि घाई नको. चढ मी एकच ठेवला आहे. पुस्तिका पाळली तर घाईचा प्रश्नच येत नाही.

सहलीचा हेतू पहिल्याच पानावर चौकटीत दिला आहे: आईची शिक्कावही पूर्ण करणे. देवळादेवळातून लाल शिक्का आणि त्यावर भिक्षूच्या हातचे काळे अक्षर घेत तिने या घडीच्या वहीत चाळीस वर्षे घातली. सत्तेचाळीस पाने भरली, एक उरले. माणूस गेला की ही वही त्याच्या शवपेटीत ठेवतात, पलीकडे दाखवावी लागते म्हणे. माझा विश्वास नाही. पण दाखवायचीच असेल तर नीट दाखवावी. शेवटचे पान नाराच्या कोगेत्सु-जी देवळाचे असेल. तिथल्या भिक्षूंसारखे अक्षर या भागात दुसऱ्या कोणाचे नाही. सामान्य पर्यटकाला ते ठिकाण माहीतही नसते.

आईने पुस्तिका चष्मा न लावता उलटसुलट पाहिली.

"शेवटचं पान मी ठरवीन म्हटलं होतं ना रे, त्सुने?"

"पुस्तिकेत ठरलंय, आई."

"हो का? मग छापून आलंय म्हणजे झालंच."

तिला पटले.

३ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम. एकटाच नाराला जाऊन सगळा मार्ग घड्याळ लावून चाललो. माझा वेळ गुणिले एक पूर्णांक चार दशांश, हा आईचा वेळ धरला.

परत आलो तर सुमिए म्हणाली, "अहो, तुम्ही एकटेच जाऊन आलात ते बरं झालं. आता आम्ही नाही गेलो तरी सहल झालीच की."

या घरात अभ्यासाला किंमत नाही. मी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. दिवसभर बोल्ट मोजतो, शतांश मिलिमीटरचा फरक असला तरी परत पाठवतो. जे काही शिकलो ते गावच्या वाचनालयात, अकरा वर्षे, शनिवारी. प्राचीन राजधान्यांच्या ज्ञानपरीक्षेची दुसरी श्रेणी मी पहिल्याच फटक्यात मिळवली. पहिली श्रेणी तीनदा हुकली, तिन्ही वेळा प्रश्नपत्रिकेत संदिग्धता होती. मी तसे लेखी कळवले आहे.

हे सगळे घरातून मिळालेले नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. बाबा एका आडगावच्या स्टेशनवर चिमट्याने तिकिटाला भोक पाडायचे. पुढे स्वयंचलित फाटके आली, चिमटा गेला, आणि बाबांकडे उरले झाडू मारणे आणि प्रवाशांनी आठवण म्हणून उमटवून घ्यायला टेबलावर ठेवलेला स्टेशनचा रबरी शिक्का सांभाळणे. शाळेत पोरे विचारायची, "तुझे बाबा आता काय करतात?" मी म्हणायचो, "प्रशासन."

१६ नोव्हेंबर, शनिवार

जेवण झाल्यावर पान चारवरच्या अकरा सूचना सर्वांना वाचून दाखवल्या. नागिसा फोनमध्ये बघून मान डोलावत होती. आई मात्र लक्ष देऊन ऐकत होती.

"सातवी परत वाच."

सातवी मी लाल शाईत छापली आहे. वाचली: "स्टेशनवरचा रबरी शिक्का शिक्कावहीत कदापि उमटवू नये. एक जरी उमटला तरी देवळातले लोक त्या वहीत लिहीत नाहीत. अडाणी लोक ही चूक वारंवार करतात."

"म्हणजे स्टेशनवर अजून असतो तो शिक्का?"

"असतो. नियम कळला ना?"

"कळला. फार छान लिहिलंयस रे."

पुस्तिकेचे हे घरातून झालेले पहिले कौतुक.

१७ नोव्हेंबर, रविवार

शक्य तितके शांतपणे लिहितो.

९:१२ ला नाराला उतरलो. स्टेशनच्या जुन्या इमारतीच्या छपराविषयी मी नऊ मिनिटांचे निरूपण ठेवले होते. आई मध्येच "जरा जाऊन येते" म्हणून गेली ती सहा मिनिटांनी आली. चेहरा टवटवीत. निरूपणाचा उत्तम भाग तिचा बुडाला तो बुडालाच.

मोठ्या बुद्धाच्या देवळात बुद्धापुढे शेकडो माणसे बुद्धाकडे पाठ करून उभी होती. हात लांब करून स्वतःचे फोटो. बुद्ध मागे अर्धा दिसला तरी त्यांना चालतो. मी मूर्तीच्या ओतकामातले आठ टप्पे सांगायला लागलो. पाचव्या टप्प्याला नागिसा म्हणाली, "बाबा, याच्याकडे पुस्तिका नव्हती वाटतं. बसलाय की निवांत."

बाहेर हरणे. हरणांसाठी वेळ ठेवलेला नाही हे पान सहावर स्पष्ट आहे. तरी आईने बिस्किटांची चळत घेतलीच. हरणे तिच्यापुढे मान झुकवत होती, तीही प्रत्येकाला परत मान झुकवत होती. एका बिस्किटामागे दोन-दोन नमस्कार. नागिसाने माझी पुस्तिका एका हरणाच्या नाकाशी धरली. त्याने हुंगली आणि तोंड फिरवले.

"बघा," सुमिए म्हणाली, "कागद खातं, पण हे नाही."

दुपारी पर्सिमनच्या पानात गुंडाळलेली सुशी. वीस मिनिटे ठेवली होती, एकोणतीस लागली, कारण आई प्रत्येक पान सोडवून, हाताने सपाट करून, पिशवीत ठेवत होती. कशाला, विचारले. "छान आहेत म्हणून." यावर मोजमापाने काही बोलता येत नाही.

आता मुख्य भाग. कोगेत्सु-जीच्या पायथ्याशी ३:१० ला पोचायचे होते, ३:२९ झाले. शिक्क्यांची खिडकी चारला बंद होते. आई आणि नागिसा खाली बाकावर बसणार, मी आणि सुमिए वही घेऊन वर जाणार, अशी माझी व्यवस्था. तिथे पिवळ्या जाकिटातल्या एक बाई पाने झाडत होत्या. पर्यटकांना फुकट माहिती सांगणाऱ्या स्वयंसेवकांपैकी. एका कुटुंबाला सांगत होत्या, "वर एकावन्न पायऱ्या आहेत हं, दमाने चढा."

बावन्न आहेत. मी नम्रपणे दुरुस्ती केली.

"एकावन्न," बाई म्हणाल्या.

"माझ्या पुस्तिकेत बावन्न आहेत. तीन तारखेला मी स्वतः मोजल्यात."

"मी नऊ वर्षं झाडतेय हो त्या."

मग मोजण्याशिवाय मार्ग नव्हता. वर गेलो: एकावन्न. खाली आलो: बावन्न. फरक कुठे पडतो हे शोधायला पुन्हा वर. सुमिए निम्म्यावर कठड्याला टेकून म्हणाली, "अहो, आकडा पळून जात नाही. खिडकी बंद होईल." अखेर उलगडा झाला. सर्वांत खाली एक सपाट दगड आहे. मी तो धरला होता.

"ती पायरी नाही," बाई म्हणाल्या. "तिथे लोक बूट आपटून माती झाडतात."

हा व्याख्येचा प्रश्न आहे, चुकीचा नव्हे.

खालून आईचा आवाज आला. "त्सुने, जिंकलास का रे?"

घड्याळात ३:५३. मी वही घेऊन धावलो. या वयात एकावन्न (अथवा बावन्न) पायऱ्या मी एका दमात चढलो, आणि ३:५८ ला खिडकीपुढच्या रांगेतला शेवटचा माणूस म्हणून उभा राहिलो. माझ्या मागे भिक्षूने "बंद" अशी पाटी लावून घेतली. वेळापत्रक वाचले होते. माझ्या सगळ्या आयुष्यात इतके अचूक काही झाले नसेल.

चष्म्यातले वयस्कर भिक्षू. त्यांनी वही दोन्ही हातांनी घेतली, घड्या उलगडत शेवटी आले, आणि थांबले.

"साहेब, आतलं पान पाहिलंत का?"

"मी सगळं पाहिलेलं असतं."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. शेवटच्या पानावर मधोमध जांभळा गोल शिक्का. आगगाडी, मनोरा, हरीण, आणि कडेने "नारा स्टेशन, प्रवासाची आठवण." डावी कड फिकी पडली होती, गाडीचे इंजिन तर जवळजवळ नव्हतेच.

पुढचे दोन विद्यार्थी वळून बघायला लागले. एकीने दुसऱ्याला कोपराने ढोसले.

"पान तर शिल्लक नाही," भिक्षू हळू म्हणाले. "आणि जे आहे ते आमच्याकडचं नाही. अशा वहीत आम्ही लिहीत नाही. मनाला लावून घेऊ नका हो. महिन्याला चार-पाच येतात. ज्यांना नियम माहीत नसतो, असे लोक."

मी पुस्तिका काढली. पान चार उघडून सूचना सात त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचली, "अडाणी लोक" सकट.

"छान लिहिलंय," ते म्हणाले आणि खिडकी सरकवली.

सुमिए तोंडावर रुमाल धरून उभी होती. तिला खोकला झाला असावा.

खाली आई मोची, म्हणजे तांदळाच्या पिठाचा गोड गोळा, खात होती. ओठांना पीठ. "मिळाला का शिक्का?" असे विचारले. माझ्याकडे न बघता.

एकूण विलंब ३७ मिनिटे. कारणे: आईचे स्वच्छतागृह (स्टेशन) ६, सुशीची पाने ९, हरणे ४, अन्य १८.

ती सहा मिनिटे कशाची होती, हे आता कळते आहे. गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. म्हणजे मी बोललो नाही. त्या तिघी सुशीच्या पानांचे काय करायचे यावर घरापर्यंत बोलत होत्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

सात दिवस मी हा विषय काढला नाही. आज वाफेवर धरून पान सुटते का हे बघायला किटली ठेवली. सुमिए म्हणाली, "चहा करताय की पुरावा नष्ट करताय?" पान सुटत नाही, कागद दुपदरी आहे. मागच्या बाजूचे अक्षर पसरले असते. किटली बंद केली आणि वही घेऊन आईच्या खोलीत गेलो.

"नियम माहीत असून असं केलंस?"

"माहीत नसता तर सुचलंच नसतं. तूच लाल शाईत लिहिलंस की."

"आई, चाळीस वर्षांची वही आहे ती!"

"माझीच आहे ना? मी विसरले असं वाटलं का तुला?" मग पाय पोटाशी घेऊन बसली. "सत्तेचाळीस देवळं झाली बघ. तुझे बाबा एकाही देवळात आत आले नाहीत."

"माहीत आहे. स्टेशनवर बसून राहायचे. कुतूहल म्हणून नव्हतंच त्यांना."

"बसायचे कुठले? तिथल्या टेबलावरचा शिक्का बघायचे. शाई वाळली असली की खिशातली बाटली काढून घालायचे. परक्या स्टेशनावर, रजेच्या दिवशी. तिथली माणसं ओळखायला लागली होती, 'आले हो शाईवाले' म्हणायची. मी देवळातून परत आले की मला उमटवून दाखवायचे. बघ, म्हणायचे, आता कडा आल्या."

ही माहिती मला नव्हती.

"वही दाखवायची असते ना तिकडे?" आई म्हणाली. "बघायला कोण असेल ते भिक्षूंना माहीत. मी तर तुझ्या बाबांच्या पेटीत त्यांची स्टेशनातली टोपी ठेवली होती. टोपीवाला माणूस फाटकाशीच उभा राहणार. आणि त्यांना देवळातलं ते वळणावळणाचं अक्षर एक वाचता येत नव्हतं. सत्तेचाळीस पानं उलटतील बिचारे आणि काही कळायचं नाही. हा एक ओळखतील."

या तर्कात दोष आहेत. टोपी कापडाची असते, जळते. शिवाय पलीकडे फाटक असल्याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही. आईला तसे सांगितले.

"नसेल तर काही बिघडलं नाही," ती म्हणाली. "वाईट एवढंच वाटतं की फिका आलाय. इंजिनच नाही त्यात. ते म्हणतील, नाराला आता माणूस नाही का कोणी?"

३० नोव्हेंबर, शनिवार

योजना अशी: कोगेत्सु-जीला सुट्या कागदावरही शिक्का देतात. तो आणायचा, मापाने कापायचा आणि त्या पानावर चिकटवायचा. आई तीन तारखेला वही जवळ घेईल तेव्हा तिच्या हातात निदान निर्दोष वस्तू असेल. मापासाठी वही बरोबर घेतली. घरी कोणाला सांगितले नाही.

१०:०५ ला नाराला उतरलो. शिक्क्याचे टेबल दाराशेजारी आहे, ते मागच्या वेळी माझ्या पाठीमागे होते. एक म्हातारे जोडपे शिक्का दाबत होते. उमटला तो अर्धवट, हरणाला पाय नव्हते. "आला, आला" म्हणून ती दोघे खूश होऊन निघून गेली. लोक अर्धवट वस्तू घेऊन खूश होतात, आणि अशाच वस्तू मी सत्तावीस वर्षे परत पाठवत आलो आहे.

फाटकापाशी उभ्या असलेल्या तरुण कर्मचाऱ्याला विचारले, "या शिक्क्याची शाई कोण बघतं?"

तो विचारात पडला. "तसं ठरलेलं कोणाकडे नाही, साहेब."

"म्हणजे वाळली तर?"

"वाळते."

आच्छादित बाजारात एक जुने स्टेशनरीचे दुकान आहे. जांभळ्या शाईच्या तीन छटा दाखवल्या. मी मधली घेतली. दुकानदार म्हणाला, "लगेच ओळखलीत." बाबांच्या शर्टाच्या खिशावर कायम एक डाग असायचा. आई धुवायची, जायचा नाही. तो डाग नेमका या छटेचा होता. मला रंगांची स्मृती चांगली आहे.

स्टेशनवर परतून शाई शिक्क्याच्या गादीत ओतली. मुरायला पंधरा मिनिटे द्यावी लागतात. मग चाचणी. कोरा कागद नव्हता, म्हणून सहल-पुस्तिकेच्या पाठकोऱ्या बाजू वापरल्या. अकरा ठसे. सातव्या ठशाला कळले की रबर डावीकडे झिजले आहे, दाब तिकडे जास्त द्यावा लागतो. अकराव्याला इंजिनाच्या खिडक्या दिसल्या.

मग आईची वही उघडली. फिक्या ठशावर दुसरा ठसा बरोब्बर बसवणे हे कोणालाही जमणारे काम नाही. पट्टीने दोन खुणा केल्या, श्वास धरला आणि दाबला. फरक तीन दशांश मिलिमीटरच्या आत. भिंगातून पाहिला. कडा आल्या आहेत.

निघणार तर एक कुटुंब आले आणि त्यांच्या मुलीने शिक्का नुसता टेकवला. हे बघून निघता आले नाही. दाखवले. मग आणखी कोणी आले. प्रत्येकाला डावीकडे दाब द्या म्हणून सांगावे लागत होते. कर्मचाऱ्याने मला बसायला घडीची खुर्ची आणून दिली. गादी दोनदा पुन्हा भरली. एका बाईंनी विचारले, "तुम्ही स्टेशनचे का?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग बरंच आहे."

घड्याळ पाहिले तर ३:४०.

कोगेत्सु-जी: गेलो नाही. उरलेली बाटली कर्मचाऱ्याला देणार होतो, पण तो वाळू देईल. खिशात ठेवली.

विलंब ५ तास ३५ मिनिटे. कारणे: अन्य.

ता. क. सुमिएने घरी आल्यावर माझ्या शर्टाचा खिसा बघितला आणि "हं" म्हणाली. झाकण नीट बसत नसावे.

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी आईच्या पलंगाशी वही उघडून धरली. तिने चष्मा मागितला, लावला, शेवटच्या पानावर नाक टेकवले.

"हाच वास," ती म्हणाली.

मी तिला शाईची छटा, दुकान आणि डाव्या दाबाचे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग बोटाने इंजिनाच्या खिडक्या मोजल्या. चार. बरोबर आहेत.

"आत नेऊ देत नाहीत म्हणे. तू धर," असे म्हणून वही माझ्या हातात दिली. "आणि नवी वही आणून ठेव. मी परत आले तर पानं लागतील."

"कोणत्या देवळापासून सुरुवात करायची?"

"देवळाचं बघू," आई म्हणाली. "आधी कुठल्या कुठल्या स्टेशनावर शाई आहे ते बघून ये."

नऊ वाजता तिला आत नेले. ऑपरेशन तीन तासांचे, बाराला संपेल असे लेखी दिले होते. नागिसा माझ्या शेजारी बसली होती. तिने आज एकही मत दिले नाही. वही मी मांडीवर धरून होतो. सत्तेचाळीस पाने उलटून पाहिली. बाराच्या पुढे घड्याळाकडे पाहायचे टाळले, पण काटा दिसतोच.

१२:२० ला दार उघडले. डॉक्टरांनी तोंडावरची पट्टी खाली केली आणि हसले.

विलंब वीस मिनिटे. कारण विचारले नाही.